लॉरीवरची एरियल

आमचे घराणे शाईवर जगणारे. आजोबा निजामाच्या अमदानीत कारकून, वडील प्राथमिक शाळेत शिक्षक, आणि मी सरकारी शाळेचा मुख्याध्यापक. अशा घरातला माझा धाकटा भाऊ लॉरीवर चढला, ही गोष्ट काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत वर्षानुवर्षे हलक्या आवाजात सांगितली जाई. लग्नकार्यात कुणी विचारलेच, तर आई म्हणे, "तो ट्रान्सपोर्टमध्ये आहे." त्या एका शब्दाखाली क्लीनरचे तेलकट फडके झाकले जाई. मीही तोच शब्द वापरीत असे. एम. ए.ला मराठी घेतलेल्या माणसाला नेमक्या त्या जागी इंग्रजी शब्द जवळचा वाटावा, याचे आज मला नवल वाटते.

१९८९ साली धाकटा दहावीत दुसऱ्यांदा गणितात नापास झाला. वडील आदल्याच वर्षी गेले होते. मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि घरचा कर्ता म्हणून मोठ्या माणसासारखे बोलायला नुकताच शिकलो होतो. आईसमोर, त्याच्यादेखत मी म्हणालो, "याच्या हातून परीक्षा व्हायची नाही. कुठे तरी कामाला लावू या." तो काही बोलला नाही. आठवड्याभरात अफझलगंजच्या एका लॉरीवाल्याकडे क्लीनर म्हणून लागला. पुढे तो ड्रायव्हर झाला, कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली, मुलीला शिकवले. दसऱ्याला तो सोने द्यायला येई, मी त्याच्या गाडीला नारळ फोडायला जाई. बोलणे त्यापलीकडे फारसे होत नसे.

२०१६च्या उन्हाळ्यात आमचा भाचा अमेरिकेहून आला. धाकट्या मामासाठी त्याने एक खोके आणले होते. त्यात तिकडच्या ट्रकवाल्यांचा एक जुना रेडिओ-सेट, दोन लांब लवचिक एरियली, वायरींची वेटोळी आणि एक इंग्रजी पुस्तिका. पुस्तिका घेऊन धाकटा माझ्याकडे आला. माझा भाऊ हातात पुस्तक धरून माझ्या दारी यावा, असा तो बहुधा पहिलाच प्रसंग.

"अण्णा, एवढं वाचून सांगा. चित्रं समजली, अक्षरं नाही."

मी चष्मा पुसून बसलो. या सेटला 'सिटिझन्स बँड' म्हणतात. सत्तावीस मेगाहर्ट्झच्या आसपासचा हा पट्टा अमेरिकन सरकारने १९५८ साली सामान्य नागरिकांच्या बोलण्यासाठी खुला केला. १९७३च्या तेलटंचाईनंतर तिथे गाड्यांना ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. डिझेल कुठे मिळते, पोलीस कुठे उभे आहेत, हे एकमेकांना कळवण्यासाठी ट्रकवाल्यांनी हे यंत्र उचलून धरले. १९७७ पासून त्यात चाळीस चॅनेले झाली. एकोणिसावे ट्रकवाल्यांचे, नववे संकटात मदत मागण्याचे. हे सगळे मी मोठ्या रसाने सांगत होतो. धाकट्याचे लक्ष मात्र शेवटच्या पानावरच्या आकृतीकडे होते. त्यात ट्रकच्या दोन्ही आरशांच्या दांड्यांना दोन एरियली लावलेल्या दाखवल्या होत्या.

"दोन का?"

पुस्तिकेत उत्तर होते. दोन एरियली एकाच सेटला जोडल्या, म्हणजे लहरी पुढे आणि मागे, रस्त्याच्या दिशेने अधिक जातात. पण दोहोंत लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याइतके अंतर हवे. ही लहर अकरा मीटर लांब, म्हणजे अंतर पावणेतीन मीटर. धाकटा हसला. "आपली गाडी तेवढी रुंद कुठे असते, अण्णा? अडीचच्या वर जरा." नापास झालेल्या मुलाने हा हिशेब माझ्या आधी केला होता. माझ्या ते ध्यानात आले आणि मी ते ध्यानात आल्याचे दाखवले नाही.

इथे थोडे विषयांतर करतो. आमच्या लहानपणी शालिबंड्याच्या जुन्या घराच्या गच्चीवर दोन बांबूंना ताणलेली तांब्याच्या तारेची एरियल होती. आजोबांचा रेडिओ लाकडी पेटीचा. १९३५ साली सुरू झालेल्या निजाम सरकारच्या दक्खन रेडिओवर उर्दू-तेलुगुबरोबर मराठी कार्यक्रमही लागत. ते केंद्र १ एप्रिल १९५० रोजी आकाशवाणीत विलीन झाले, तरी आजोबा अखेरपर्यंत त्याला दक्खन रेडिओच म्हणत. वादळात ती तार तुटली की गच्चीवर चढून जोडायचे काम धाकट्याचे. मी खाली उभा राहून "आता लागलं, आता गेलं" असे ओरडायचो. घरात कुणाच्या वाट्याला काय येणार, हे तेव्हाच ठरून गेले असावे.

एका रविवारी ऑटोनगरला त्याच्या मिस्त्रीकडे गाडी उभी केली. तिथे मला कळले की पुस्तिका लिहिणाऱ्याने आपली लॉरी पाहिलेली नाही. तिकडच्या ट्रकची बॅटरी बारा व्होल्टची, सेटही बारा व्होल्टचा. आपल्या गाडीत बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट करतात. मी म्हटले, "मग एकाच बॅटरीवरून वायर घे." मिस्त्री आणि धाकटा, दोघांनीही माझ्याकडे दयेने पाहिले. तसे केले तर एक बॅटरी उतरत जाते, दुसरी वाजवीपेक्षा जास्त भरते, आणि दोन्ही लवकर मरतात. त्यासाठी चोवीसाचे बारा करणारा कन्व्हर्टर लागतो. वायर थेट बॅटरीपासून, फ्यूज बॅटरीच्या जवळ, नाहीतर वायर कुठे घासली तर गाडी पेटायची. हेही मला धाकट्यानेच सांगितले.

दुसरी अडचण केबिनची. अशा एरियलीला पायाखाली लोखंडाचा विस्तार लागतो, त्याच्या आधारानेच ती लहर फेकते. त्या गाडीची केबिन बॉडीवाल्याकडे बांधलेली, आत लाकडी सांगाडा आणि वर पत्रा. आरशाच्या दांड्या लाकडात ठोकलेल्या, म्हणजे विजेच्या दृष्टीने अधांतरी. धाकट्याने तांब्याच्या जाळीची पट्टी दांडीपासून चॅसीपर्यंत ओढली आणि जोडाच्या जागी रंग खरवडून पत्रा चकचकीत केला.

दुपारी आमच्या शाळेतले भौतिकशास्त्राचे सर आले. त्यांना मी मुद्दाम बोलावले होते. सेटवर बोलण्याआधी एका मीटरने तपासायचे असते की एरियलीकडे पाठवलेली शक्ती बाहेर जाते की उलट सेटमध्ये परतते, आणि तो मीटर त्यांच्याकडे होता. त्यांनी मीटर पिशवीतून काढलाच नाही. एरियलींकडे पाहून म्हणाले, "सर, परवाना काढला का?"

मी म्हटले, हा पट्टा तर भारतातही खुला झाला आहे. त्यांनी शांतपणे सांगितले: २००५च्या नियमांनी सूट दिली खरी, पण पाच वॉटपर्यंतच्या आणि अंगचीच एरियल असलेल्या सेटला. बाहेर अशा दोन काठ्या लावल्या, की ती सूट उरत नाही.

मी सरकारी नोकर. मी तिथल्या तिथे धाकट्याला सांगितले, "काढून टाक." एवढ्यावर थांबायला हवे होते. पण मी पुढे म्हणालो, "आणि हवंय कशाला हे खेळणं? खिशात मोबाईल आहे ना?"

त्याने पाना खाली ठेवला. "अण्णा, तुम्ही मला दुसऱ्यांदा काढून टाक म्हणताय. पहिल्यांदा शाळेतून." मिस्त्री उगाच चाकाकडे वळला. सर चहा आणतो म्हणून गेले. आणि मग धाकटा मला किल्लारीचे सांगू लागला.

३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट. चार वाजायला आले असताना लातूर-उस्मानाबादकडची गावे गाढ झोपेत जमीनदोस्त झाली. हैदराबादेत आमचेही पलंग हलले होते. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. तिसऱ्या दिवशी धाकटा मालकाच्या लॉरीतून तांदूळ आणि घोंगड्या घेऊन उमरग्याच्या वाटेने निघाला. तो तेव्हा एकवीस वर्षांचा क्लीनर. त्या भागातल्या एका गावाबाहेर सगळ्या लॉऱ्या एकामागे एक अडकल्या होत्या. कुठे काय पोचले आणि कुठे काहीच नाही, याचा कुणाला पत्ता नव्हता. एका लिंबाखाली एक माणूस खुर्चीवर बसला होता. झाडावर तार फेकलेली, समोर कारची बॅटरी, हातात माइक. तो पलीकडच्या कुणाशी बोलला आणि धाकट्याच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाला, "इथे तांदूळ खूप झाला. पुढच्या गावाला न्या. तिथे प्यायचं पाणी नाही, तेही सांगितलंय, मागून टँकर येतोय." टँकर खरोखरच आला.

"त्या माणसाला मी विचारलं, हे शिकायला काय लागतं? तो म्हणाला, परीक्षा द्यावी लागते." धाकट्याने पाना पुन्हा उचलला. "म्हणून सोडून दिलं."

तेवीस वर्षे ही हकीकत माझ्या सख्ख्या भावाने मला सांगितली नव्हती. मी विचारलीही नव्हती. त्या काळात मी शाळेत भूकंपग्रस्तांसाठी निधी जमवून त्याचा अहवाल मात्र सुवाच्य अक्षरात लिहिला होता.

चहा घेऊन आलेल्या सरांनी पुढची वाट दाखवली. हा छंद करणाऱ्यांना 'हॅम' म्हणतात. त्यांच्यासाठी १९७८चे स्वतंत्र नियम आहेत. परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला परवाना मिळतो, बारा वर्षांच्या मुलालाही. आपल्या हैदराबादेतच १९८३ साली स्थापन झालेली 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओ' ही संस्था आहे. तिच्याच भारती प्रसाद डिसेंबर २००४ मध्ये काही सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला प्रक्षेपणासाठी गेल्या होत्या, तोच २६ तारखेला त्सुनामी आली. अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवायला तो सेट उपयोगी पडला. मात्र या परवान्यावर धंद्याचे बोलणे चालत नाही. माल कुठे उतरवायचा, भाडे किती, हे त्यावर बोलायचे नाही.

"भाड्याचं बोलायला मोबाईल आहे की," धाकटा म्हणाला. "पण परीक्षा मला व्हायची नाही." माझेच वाक्य, माझ्याच शब्दांत.

तो महिनाभर आला नाही. एका संध्याकाळी मुलीची अर्धी कोरी वही घेऊन आला आणि ओट्यावर बसला. मग आमची शाळा सुरू झाली. तो फेरीवरून परतला की रात्री नऊ ते अकरा. मी इंग्रजी वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि विजेच्या नियमांपाशी आलो की अडखळायचे. तिथे तो मला सांगे. ओहमचा नियम त्याने हेडलाइटच्या वायरीवरून समजावला: वायर बारीक आणि लांब असली की दिवा मंद का लागतो. मला विद्यार्थी म्हणून फारशी आशा नाही, हे दोन्ही बाजूंनी मान्य झाले. त्याला खरी अडचण नियमांच्या भाषेची. "ना हरकत", "तृतीय पक्ष" असले शब्द मी त्याला फोडून देत असे. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही मुळाक्षरे तो गाडी चालवताना समोरच्या गाड्यांच्या नंबरांवरून पाठ करी.

अर्जासोबत चारित्र्याचा दाखला जोडायचा होता. मुख्याध्यापकाचा शिक्का माझ्या टेबलावरच होता, पण सख्ख्या भावाला मी दाखला देणे मला प्रशस्त वाटेना. भौतिकशास्त्राच्या सरांनी तो दुसरीकडून मिळवून दिला. परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकली. धाकट्याने पांढरा सदरा घातला होता, कॉलरला इस्त्रीची घडी तशीच. खोलीत कॉलेजची मुले आणि मधे चव्वेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ. मी बाहेर झाडाखाली उभा होतो. तासाभराने तो बाहेर आला आणि म्हणाला, "अण्णा, गणिताचे आधी सोडवले."

तो उत्तीर्ण झाला. गुण किती ते मी विचारले नाही. 'व्हीयू-३'पासून सुरू होणारी त्याची संकेताक्षरे यथावकाश आली.

भाच्याचा सेट भाच्याबरोबर परत गेला. धाकट्याने हॅमच्या दोन मीटर पट्ट्याचा सेट घेतला. या पट्ट्याला एरियल जेमतेम अर्ध्या मीटरची पुरते. पुन्हा ऑटोनगर, पुन्हा तोच मिस्त्री. या वेळी एकच एरियल, केबिनच्या छताच्या अगदी मध्यावर, म्हणजे चारही बाजूंना सारखा पत्रा. या वेळी सरांनी मीटर पिशवीतून काढला. धाकट्याने बटण दाबून आपली संकेताक्षरे उच्चारली. काटा दोनाच्या वर गेला. पट्ट्याच्या वरच्या टोकाला काटा जास्त चढतो आणि खालच्या टोकाला कमी, म्हणजे एरियल लांब. हे मी पुस्तिकेत वाचले होते, आणि मी ते मोठ्याने म्हणालोही. धाकट्याने कानशीने दोन-तीन मिलिमीटर झिजवली, पुन्हा पाहिले, पुन्हा झिजवली. तापल्या पत्र्यावर गुडघे टेकून तो हे करीत होता आणि मी खाली उभा राहून काट्याकडे पाहत "उतरतोय, अजून उतरतोय" असे ओरडत होतो. काटा दीडाच्या खाली स्थिरावला, तेव्हा त्याने वरून विचारले, "लागलं?"

"लागलं," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मी त्याच्याबरोबर जहीराबादपर्यंत गेलो. लॉरीच्या केबिनमध्ये मी आयुष्यात प्रथमच बसलो होतो. पटानचेरू सोडल्यावर त्याने शहरातल्या रिपीटरवर हाक दिली. कुणी तरी निवृत्त गृहस्थ बोलत होते. त्यांनी विचारले, गाडीत आणखी कोण आहे? धाकट्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, बटण दाबले आणि इंग्रजीत म्हणाला, "माय एल्डर ब्रदर. ही टॉट मी फॉर द एक्झाम."

सदाशिवपेठेच्या पुढे आवाज तुटू लागला. त्याने सेट बंद केला नाही. ती खरखर ऐकत आम्ही जहीराबादपर्यंत गेलो.