मोलोटोव्हचे की मोलोटोव्हसाठी?

समास शिकवताना परभाषेतील उदाहरणे घेऊ नयेत, असा माझा जुना दंडक. तो एकदा मोडला आणि फजिती झाली. एम.ए.च्या वर्गात कुणीतरी 'मोलोटोव्ह कॉकटेल'चा विग्रह विचारला. मराठी वृत्तपत्रे जिला पेट्रोल बॉम्ब म्हणतात, ती ही पेटती बाटली. "मोलोटोव्हचे कॉकटेल, षष्ठी तत्पुरुष," असे सांगून मी मोकळा झालो. "म्हणजे मोलोटोव्हने शोधलं का, सर?" या प्रश्नावर मात्र निरुत्तर झालो.

त्याने ते शोधले नव्हते. अशा बाटल्या स्पेनच्या यादवी युद्धातही रणगाड्यांवर फेकल्या गेल्या होत्या. नाव दिले ते फिनलंडने. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत विमानांनी हेलसिंकीवर बॉम्बफेक केली. आम्ही बॉम्ब नव्हे, भुकेल्या फिन जनतेसाठी अन्न टाकत आहोत, असा परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांचा दावा. फिन लोकांनी तो जणू खराच मानला! एकातून अनेक सुटणाऱ्या सोव्हिएत बॉम्बला ते 'मोलोटोव्हची पावाची टोपली' म्हणू लागले. आणि जेवणासोबत पेय हवे, म्हणून रणगाड्यांसाठी सिद्ध केलेल्या बाटलीला 'मोलोटोव्हचे कॉकटेल'. सरकारी मद्यकंपनीच्या कारखान्यात या बाटल्या लाखांनी भरल्या गेल्या. मोलोटोव्हच्या नावाने केलेला हा शिमगाच म्हणायचा.

फिनिश भाषेत दोन्ही नावांत षष्ठीच आहे. अर्थ मात्र उलटे. टोपली मोलोटोव्हने धाडलेली, कॉकटेल मोलोटोव्हला धाडलेले. म्हणजे रूपाने षष्ठी असली तरी अर्थाने हा 'क्रीडांगण'सारखा चतुर्थी तत्पुरुष ठरतो. इंग्रजीने विभक्तीचा प्रत्ययच गाळला, टोपली विस्मरणात गेली, आणि देणारा कोण, घेणारा कोण, हे शब्दावरून कळेनासे झाले. मोलोटोव्ह हे तरी कुठे खरे आडनाव? मूळचे स्क्रियाबिन, 'मोलोत' म्हणजे हातोडा, त्यावरून स्वतःच घेतलेले टोपणनाव.

२०२२ मध्ये युक्रेनचे नागरिक अशाच बाटल्या भरू लागले, तेव्हा काहींनी त्यांना 'बांदेरा स्मूदी' म्हटले. बांदेरा हा त्यांच्या लेखी शत्रू नव्हे, आपला माणूस. तिथे चतुर्थी लावली तर अनर्थच!

पुढच्या तासाला मी फळ्यावर 'मोलोटोव्हसाठी कॉकटेल' असे लिहिले. प्रश्न विचारणारी मुलगी त्या दिवशी गैरहजर होती.