भाड्याचं गणित

तो वाढला गिरगावातल्या चाळीत. खोलीचं भाडं दोन आकडी, जिन्याला टेकू. मुंबईच्या १९४७च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली होती; तेवढ्यात मालक कौलं काय शाकारणार? बिऱ्हाडकरू मालकाला शिव्या द्यायचे, मालक कायद्याला. पुढे १९९९च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ भाडंच इतकं कमी की वाढ चहापाण्यापुरती.

मग अमेरिका. तिथे वर्षानुवर्षं तोच भाडेकरू. दर करारागणिक भाडं वर.

आता पन्नाशीत तो मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरात घरमालक व्हायला निघालाय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांतल्या कामगारांसाठी इथे तीनमजली लाकडी घरं उभी राहिली: थ्री-डेकर. मजल्यागणिक एक बिऱ्हाड. त्याने पाहिलेल्या घराच्या तळघरात भिंतींना लोणा लागलाय, तुळयांवर चिनी मातीच्या खुंट्यांना ताणलेल्या जुन्या वायरी आहेत, मागची गॅलरी कललीय.

दलालाच्या कागदावर मात्र आबादीआबाद. किंमत ६ लाख डॉलर, वर्षाचं भाडं ६४,८००, खर्च १६,८००. उरले ४८,०००, म्हणजे कॅप रेट ८ टक्के. खर्च वजा जाता राहणारं वर्षाचं उत्पन्न किमतीच्या किती टक्के, एवढंच हा दर सांगतो. कर्जाचा हप्ता त्यात धरत नाहीत.

त्याची नजर खर्चावर अडकली. देखभालीच्या नावाने जवळजवळ शून्य, रिकाम्या महिन्यांचा हिशेबच नाही. चाळीत भाडं नव्हतं म्हणून दुरुस्ती नव्हती. इथे दुरुस्ती नव्हती म्हणून नफा दिसत होता.

त्याने स्वतः आकडे मांडले. विमा, कर, पाणी, देखभाल, रिकामे महिने धरून उरतात ३६,०००. दर ६ टक्क्यांवर. वायरिंग, गॅलरी, छप्पर यांचे १ लाख २० हजार किमतीत मिळवले की ५. दुरुस्तीनंतर भाडी वाढून ५४,००० हाती आले तर साडेसात. पण तो 'तर' दलाल आजच विकत होता.

शिवाय शिशाचा रंग. अमेरिकेत घरांसाठी त्यावर १९७८मध्ये बंदी आली, पण जुन्या घरांतले थर तसेच आहेत. सहा वर्षांखालचं मूल राहत असेल, तर इथल्या कायद्याने तो धोका मालकानेच दूर करायचा.

एकूण खर्चावर आजच ६ टक्के सुटावेत, म्हणून त्याने ४ लाख ८० हजारांचा आकडा कळवला. विकणारा ५ लाख १० हजारांपर्यंत उतरलाय. शिशाचं काम कोणाच्या खिशातून, यावर बोलणी अडलीत.