आपल्या अडाणचं पाणी कुठं जातं?



आपल्या कारंजा लाडच्या बहुतेक मुलांना मोठा डोंगर आणि समुद्र आधी पुस्तकातच भेटतात. माझी चौथीतली लेकही त्यातलीच. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला नणंदेकडे गेलो, तेव्हा एक अख्खा दिवस सागरगडासाठी राखून ठेवला.

सकाळी लवकर खंडाळे गावातून चढायला सुरुवात केली. सोबत पाणी, गूळ-शेंगदाणे आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. सिद्धेश्वराच्या देवळापाशी पोचेपर्यंत लेकीचे पाय दुखायला लागले. मला वाटलं, इतिहास सांगितला तर चालेल भराभर. मी सुरू केलं, "१६६५ साली पुरंदरचा तह झाला. महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात हा सागरगडही होता."

ती म्हणाली, "आई, पुऱ्या कधी खायच्या?"

पुऱ्या खाल्ल्यावर मात्र ती आमच्या पुढे पळाली. गडावर पोचलो. पश्चिमेला समुद्र, अलिबागचा किनारा, पाण्यात कुलाबा किल्ला. लेक कितीतरी वेळ गप्प. मग तिनं विचारलं, "आई, आपल्या अडाणचं पानी इथंच येते काय?"

"हो, सगळ्या नद्या समुद्रालाच मिळतात," मी सांगून मोकळी झाले. इतकी वर्षं वर्गात हेच वाक्य म्हणत आले, ते आपोआप तोंडातून निघालं.

थोड्या वेळानं आम्ही गडाच्या दुसऱ्या अंगाला गेलो. पूर्वेकडे सह्याद्रीची निळसर भिंत दिसत होती. लेकीनं बोट दाखवलं.

"आपलं घर त्या डोंगराच्या पलीकडं ना?"

"हो."

"मंग अडाणचं पानी एवढा डोंगर चढून येते कसं?"

खरं सांगते, मला क्षणभर काही सुचेना. विषय बदलता आला असता. "खाली गेल्यावर सांगते" म्हणता आलं असतं. वर्गात आपण कधीकधी करतोच की तसं! पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मी चुकले गं," म्हटलं.

"मंग तू हो काहून म्हटलं?"

"विचार न करता बोलले."

काडी घेऊन मातीत नकाशा काढला. अडाण पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी थेट पूर्वेच्या बंगालच्या उपसागराला. सह्याद्रीच्या या बाजूच्या अंबेसारख्या नद्या आखूड, त्या पश्चिमेला अरबी समुद्रात येतात. पाणी उताराकडे जातं, आणि उतार कुठल्या बाजूला ते डोंगर ठरवतो.

लेकीचा चेहरा पडला. "म्हणजे या समुद्रात आपल्याकडचं काहीच नाही?"

तेव्हा तिचे बाबा म्हणाले, "आपण गाडीत बसलो ते मूर्तिजापूर आठवते ना? तिकडचं पाणी पूर्णेला जाते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेजवळ याच समुद्राला."

"म्हणजे मामाच्या गावचं येते!" ती खूश. मीसुद्धा थक्क. कारंजा आणि मूर्तिजापूर, आपली शकुंतला ज्या दोन गावांतून धावायची ती एवढी जवळची गावं, पण त्यांचं पाणी दोन वेगळ्या समुद्रांना जातं, हे मी आजवर एकदाही वर्गात सांगितलं नव्हतं.

उतरताना लेकीनं पायांची तक्रार केली नाही. वाटेत भेटेल त्या ओहोळाला "तू कोणीकडे?" असं विचारत होती.

सुट्टी संपल्यावर मी वर्गात फळ्यावर एवढंच लिहिलं: "तुमच्या शेतावर पडलेला पाऊस कुठल्या समुद्रात जातो?" उत्तर दिलं नाही. मुलांनी घरी विचारलं, नकाशे काढले, भांडलीसुद्धा. तुम्हीही विचारून बघा. आणि आपलं उत्तर चुकलं, तर मुलांसमोर तसं सांगून टाका. माझ्या लेकीला त्या दिवशीचा तह आठवत नाही, पण आई चुकली होती हे ती सगळ्यांना सांगते, आणि लगेच अडाण ते बंगालचा उपसागर सगळ्या नद्या न चुकता म्हणून दाखवते.