साधं की भारी?

दुकानात उभे राहून ‘साधे द्या’ असे म्हणायला जे धैर्य लागते, ते माझ्यापाशी कधीच नव्हते. चहाच्या पुडीपासून छत्रीपर्यंत काहीही घ्यायला गेलो आणि दुकानदाराने “साधी दाखवू की चांगली?” असे विचारले, की माझी मान आपोआप ‘चांगली’कडे वळते. साधी मागितली तर हा गृहस्थ मनात काय म्हणेल, ही धास्ती! आमच्या सौभाग्यवतीला ही धास्ती ठाऊक नाही. ती साधी छत्री मागते, तिच्यातही वीस रुपये कमी करून घेते, आणि तिची छत्री माझ्या छत्रीला पुरून उरते.

तेव्हा दोन वर्षांपूर्वी घरात नवी मोटार आली आणि पेट्रोलपंपावरच्या पोऱ्याने खिडकीशी वाकून “काका, साधं की भारी?” असे विचारले, त्या वेळी काय घडले असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल. शिवाय या खेपेस मला एक सबबही होती. मोटार टर्बोची होती.

हा टर्बो शब्द मोटार विकणाऱ्या तरुणाने इतक्या आदराने उच्चारला होता, की मी घरी येऊन त्याची चौकशी केली. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका चिमुकल्या चक्राला फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावण्याची ही युक्ती खरे म्हणजे एखाद्या काटकसरी गृहिणीला सुचायची. पण तिचे पेटंट 1905 साली आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनियराने घेतले. आमची मोटार अवघ्या एक लिटरची, तीन नळकांड्यांची. पण या युक्तीमुळे ती मोठ्या गाडीचा आव आणू शकते. म्हणजे स्वभावाने ती माझ्यावरच गेली होती.

पहिली लांबची फेरी अर्थातच वाईची. तिथे आमचे आण्णा राहतात. आण्णा माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. एस.टी.त ड्रायव्हर होते, आणि त्यांच्या पगारावर माझे कॉलेज झाले. त्या काळात त्यांनी दोन खाकी कपड्यांखेरीज तिसरा कपडा शिवल्याचे मला आठवत नाही. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला असेल, याची गणती नाही. गाडीचे दुखणे ते नुसत्या आवाजावरून सांगत. शेजारून कुणाची जीप गेली, तरी जेवता जेवता म्हणत, “हिचा पट्टा गेलाय.”

नव्या गाडीतून मी त्यांना पसरणीच्या घाटाने वर नेले. गाडी चौथ्या गिअरवर होती, वेग पडलेला, वळण चढाचे. आणि इंजिनातून बारीक टकटक येऊ लागली, डब्यात चार चणे टाकून हलवावेत तशी. मी चोरून आण्णांकडे पाहिले. आता बोलणी बसणार! पण आण्णा शांतपणे धोमच्या पाण्याकडे पाहत बसले होते. मला वाटले, धाकट्या भावाची नवी गाडी, म्हणून गप्प राहिले. मोठ्या मनाचा माणूस!

त्या दिवसापासून मी भारी पेट्रोलाचा एकनिष्ठ गिऱ्हाईक झालो. लिटरमागे सात-आठ रुपये जास्त पडत. शंभर ऑक्टेनचे त्याहून भारी पेट्रोल, जे इंडियन ऑइलने 2020 च्या डिसेंबरात बाजारात आणले, ते तर साध्याच्या जवळजवळ दीडपट भावाचे. तेही एकदा भरून पाहिले. गाडी पळते आहे असे वाटले. पण इतके पैसे मोजल्यावर ती उडते आहे असे वाटले असते तरी नवल नव्हते.

या भ्रमातून मला बाहेर काढले सर्व्हिसिंगच्या ठिकाणच्या एका मुलाने. त्याने पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडून आतली चिठ्ठी दाखवली. तिच्यावर 91 हा आकडा होता. “काका, कंपनीच सांगते साधं चालेल, तर तुम्ही का उदार होता? ज्या गाडीच्या पुस्तकात 95 किंवा 98 लिहिलंय, तिला भारीच पाहिजे. हिला नको.”

मग त्याने ऑक्टेन समजावून दिला. मी समजत होतो, ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद. तसे मुळीच नाही. तो त्याचा सोशिकपणा आहे. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले की तापते. ठिणगी पडेपर्यंत त्याने दम धरायचा असतो. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच ते कोपऱ्यात आपले आपण भडकले, की ती टकटक ऐकू येते. आकडा जितका मोठा, तितका दाब सोसण्याचा गुण जास्त. टर्बोत हवा आधीच दाबलेली, म्हणून तिथे या गुणाची परीक्षा अधिक. हे मी घरी रंगवून सांगितले, तेव्हा सौभाग्यवती भाजी निवडता निवडता म्हणाली, “म्हणजे या घरात शंभरावर कोण, ते वेगळं सांगायला नको.”

आणखी एक गंमत कळली. साध्या पेट्रोलात आता 20 टक्के इथेनॉल असते, आणि त्यातले काही आपल्याच उसाचे. इथेनॉल भलते सोशिक. या मिश्रणाने साध्याचा आकडा 95 पर्यंत जातो, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच 2025 च्या ऑगस्टमध्ये सांगितले. त्याची दुसरी बाजू अशी, की लिटरभर इथेनॉलात उष्णता पेट्रोलाच्या दोनतृतीयांशच. तेव्हा मायलेज थोडे घटते, आणि ज्या जुन्या गाड्या या मिश्रणासाठी बनल्या नाहीत त्यांच्या मालकांची कुरकुर अगदीच खोटी नाही.

“पण घाटातली टकटक?” मी विचारले.

“वरच्या गिअरवर रेटली असणार. गाडीची काळजी नको. इंजिनाला कान असतो, काका. ठोकायला लागलं की तो ऐकतो आणि ठिणगी जरा उशिरा टाकायला लावतो. जोर थोडा कमी होईल, पण गाडी सांभाळून घेते.”

इंजिनाला कान असतो! मी हसलो, पैसे दिले, आणि गाडीत बसल्यावर किल्ली हातात तशीच राहिली. घाटात आण्णा गप्प का बसले, ते मला त्या क्षणी कळले. त्यांना टकटक ऐकूच आली नव्हती.

वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, “दीड वर्ष झालं, भावजी. डॉक्टरनं दोन मशिनं दाखवली होती. एक चांगलं, एक साधं. ह्यांनी साधं घेतलं. त्यात नुसता गलका ऐकू येतो म्हणून ड्रॉवरमध्ये पडलंय. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले.”

रात्री मी पेट्रोलचा हिशेब मांडला. टाकीमागे पावणेतीनशे, महिन्याला तीन टाक्या. वर्षाला दहा हजार होत होते. त्या पैशात चांगले मशीन आले नसते. पण हिशेब काही त्यासाठी मांडला नव्हता.

आण्णांना राजी करायला दोन महिने लागले. “माझं आता काय ऐकायचं राहिलंय?” हे एकच पालुपद. शेवटी वहिनींनी जेवण वाढणे बंद करण्याची धमकी दिली, तेव्हा ते पुण्याला आले. साताऱ्याच्या बाजूच्या माणसाचा डिझेलवर जन्म गेलेला, ऑक्टेनचे माझे पुराण त्यांनी नव्या मशिनातून नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, “आमचं उलटं. डिझेलला ठिणगीच नसते. दाबलं की पेटलं पाहिजे, नाही पेटलं तर गाडी डेपोत.”

गेल्या महिन्यात त्यांना वाईला पोचवले, आणि त्यांच्याच आग्रहावरून पुढे पाचगणीकडे निघालो. टाकीत साधे पेट्रोल होते. पंपावर ‘साधं’ म्हणताना जीभ थोडी अडखळली, हे कबूल करतो. पसरणीच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर ट्रकमागे वेग पडला. टकटक सुरू होते न होते, तोच शेजारून गर्जना झाली.

“चौथ्यावर कशाला बसलायस बाळ? तिसरा टाक की!”

मी तिसरा टाकला.