उणे बिल

विजेचं बिल माझ्या नावावर येऊ लागलं ते या वर्षीच. तोवर शेवटचा आकडा बघायचा आणि भरायचा, एवढंच मला ठाऊक. जूनच्या बिलात त्या आकड्याच्या आधी उणे चिन्ह होतं, आणि रक्कम होती 18,000 च्या वर. म्हणजे मी कंपनीचं काही देणं लागत नव्हते, कंपनीच माझं देणं लागत होती.

सुरक्षा ठेवीचं व्याज असेल, असं आधी वाटलं. वीज कायदा 2003 च्या कलम 47 नुसार ठेवीवर व्याज मिळतं खरं. पण माझी ठेवच दोन-तीन हजारांची, तिला इतकं व्याज कुठून येणार?

उपविभागीय कार्यालयात खिडकीवरचे साहेब म्हणाले, “मायनस आहे ना ताई? मग भरू नका.” रांगेतल्या सगळ्यांना ते पटलं. मला पटेना. लेखा विभागात गेले, तिथल्या बाईंनी माझं सीपीएल, म्हणजे ग्राहकाच्या खात्याचा उतारा, काढला आणि उलगडा झाला. कुणीतरी आपली जोडणी कायमची बंद करून घेतली होती. अंतिम बिल वजा जाता उरलेली ठेव आपल्याच दुसऱ्या चालू जोडणीत वळती करा, असा त्यांचा अर्ज होता. ग्राहक क्रमांक टाकताना एक अंक चुकला आणि पैसे माझ्याकडे आले. कुणाचं तरी बंद पडलेलं दुकान किंवा गिरणी असेल, असं मनात आलं आणि त्या रकमेकडे बघवेना.

शेजारचे काका म्हणाले, “गप्प बस. दोन वर्षं गेली की कुणी मागू शकत नाही.” ते कलम 56(2) बद्दल बोलत होते. रात्री बसून वाचलं. ते कलम ग्राहकाकडच्या थकबाकीबद्दल आहे, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की चूक उशिरा लक्षात आली तर दोन वर्षांनंतरही मागणी करता येते, फक्त त्यापायी वीज तोडता येत नाही. शिवाय करार कायदा 1872 चं कलम 72 आहेच: चुकून मिळालेले पैसे परत करायचे. कायदा नसता तरी ते पैसे माझे नव्हतेच.

खरी धास्ती मला वेगळ्याच गोष्टीची होती. दर महिन्याचं बिल त्या जमा रकमेतून आपोआप वजा होत राहतं. चूक दुरुस्त झाली की सगळं एकदम अंगावर येणार. म्हणून दर बिलाएवढी रक्कम मी बँकेत बाजूला टाकत गेले. नव्याने बिल भरणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, आणि हेही, की ‘जास्तीचे पैसे परत पाठवा’ असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका. दुरुस्ती खात्यातच होते, ती अर्ज देऊन करून घ्यायची.

लेखी अर्ज दिला, आवक विभागाचा शिक्का असलेली पोच घेतली. एवढं करूनही टेबलं बदलत गेली. पैसे मागणाऱ्यांसाठी तिथे खिडकी आहे. परत करणाऱ्याला कुठे पाठवायचं, हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. अखेर दुरुस्ती झाली. पुढच्या बिलात मोठी रक्कम आली, ती बाजूला टाकलेल्या पैशांतून भरली.

पण ठेव मूळ मालकाला मिळाली का? “दुसऱ्याचं खातं तुम्हाला दाखवता येत नाही,” असं बाई म्हणाल्या. नियम योग्यच आहे. म्हणून आता दुसरा अर्ज लिहिलाय: मला नाव नको, आकडा नको, फक्त त्या ग्राहकाला लेखी कळवल्याचं उत्तर द्या. सोमवारी देणार आहे.