४१२ चा आकडा आणि माझा बिनशिक्क्याचा काटा

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी इथेच एका मशीनचा फोटो टाकला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो शेअर केला होता. त्या फोटोचा हिशेब द्यायचा राहिलाय.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. आमच्या गावापासून सहा किलोमीटरवर गिट्टीचे चार क्रशर आहेत आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर जिल्हा परिषदेची शाळा. शाळा भरली की पोरं आधी बाकं पुसतात, मग प्रार्थना. पालकांची तक्रार जुनी, अर्ज जुने, उत्तरंही जुनीच. मी वीस वर्षं तालुक्याची बातमीदारी करतोय. या धुळीवर सहा-सात बातम्या तरी लिहिल्या असतील. प्रत्येक वेळी एकच प्रश्न यायचा, "पुरावा काय?"

म्हणून साडेचार हजार रुपये घालून ऑनलाइन एक मशीन मागवली. तळहाताएवढी, छोटा पंखा, छोटा पडदा. जानेवारीतल्या एका सकाळी पावणेसातला शाळेच्या व्हरांड्यात ठेवली. आकडा आला ४१२. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसावा हिस्सा. आपल्याकडची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. मी फोटो काढला, बातमी लावली: शाळेच्या हवेत सातपट विष. ग्रामसभेत ठराव झाला. मला वाटलं, आता सुटतंय प्रकरण.

प्रदूषण खात्याची माणसं आली. त्यांनी शाळेच्या गच्चीवर आपलं यंत्र लावलं, चोवीस तास चालवलं आणि अहवाल दिला. पीएम २.५ आलं ६८.

तहसीलला बैठक झाली. क्रशरवाल्यांपैकी एकजण उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पत्रकार साहेब, चारशे बाराचे अडुसष्ट कसे झाले? बाकीची धूळ चहासोबत पिऊन टाकली का?" सगळे हसले. अधिकारी हसले, आमच्या बाजूने आलेले दोघे-तिघेही हसले. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हसण्याचं मला फार नाही. पण त्याच अहवालात खालच्या ओळीत पीएम १० चा आकडा होता, २१४. त्याची चोवीस तासांची मर्यादा १०० आहे. म्हणजे दुपटीच्या वर. ती ओळ त्या बैठकीत कुणी वाचलीच नाही. मीसुद्धा नाही. विषय धुळीचा राहिलाच नव्हता, माझ्या खोट्या मशीनचा झाला होता. क्रशरवाल्याला हे हत्यार मी स्वतः नेऊन दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमची मशीन खोटी निघाली म्हणतात. पण माह्या गंजावर रोज जे धूळ बसते, थे त खोटी नाही ना?"

या वाक्यानंतर मी मशीन घेऊन आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांकडे गेलो.

सरांनी भाषण दिलं नाही. मशीन टेबलावर ठेवली आणि तीन गोष्टी केल्या. आधी चहाचं उकळतं पातेलं जवळ आणलं. नुसती वाफ, पण आकडा सहाशेच्या पुढे. मग खोली मोकळी करून उदबत्ती लावली. आकडा पुन्हा भराभर वर. तिसऱ्यांदा फळा पुसायचं डस्टर मशीनसमोर आपटलं. खडूचा ढग उठला, आम्ही दोघं खोकलो. आणि मशीन? ढग डोळ्यांना दिसत होता त्या मानाने आकडा हललाच नाही.

सर म्हणाले, "तुमची मशीन खोटं बोलत नाही. तिला जे विचारलंच नव्हतं त्याचं उत्तर तुम्ही तिच्या तोंडी घातलं."

मला समजलं ते असं. ही मशीन धूळ तोलत नाही. आत एक लेझरचा किरण असतो, पंखा हवा ओढतो, कण किरणासमोरून जाताना उजेड विखुरतो आणि विखुरलेल्या उजेडावरून आतली चिप वजनाचा अंदाज बांधते. अंदाज. पहाटेच्या दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात. धुकं असेल तर पाण्याचा थेंबही कण म्हणून मोजला जातो. म्हणून जानेवारीच्या धुक्यात आकडा फुगला. दुसरीकडे दगडाची धूळ जाडसर. मोठे कण या छोट्या मशीनच्या किरणापर्यंत नीट पोचत नाहीत आणि पोचले तरी ती त्यांना नीट ओळखत नाही. पडद्यावर पीएम १० चा आकडा दिसतो खरा, पण तो बराचसा बारीक कणांवरून लावलेला तर्क असतो. म्हणजे जे नव्हतं ते माझ्या मशीनने दाखवलं आणि जी धूळ मावशींच्या गंजावर बसते तीच तिला दिसली नाही.

खात्याचं यंत्र वेगळं काम करतं. कोरा फिल्टर ठरलेल्या तापमानात आणि आर्द्रतेत ठेवून तोलायचा, ठरलेल्या वेगाने चोवीस तास हवा त्यातून ओढायची, फिल्टर पुन्हा तसाच ठेवून पुन्हा तोलायचा. वजनातला फरक म्हणजे धूळ. शहरांत जी कायमची केंद्रं असतात, त्यांतल्या अनेकांत फिल्टरच्या पट्टीतून बीटा किरण सोडतात. पट्टीवर धूळ जितकी जास्त, तितके किरण कमी पलीकडे पोचतात. तासातासाला आकडा मिळतो. किंमत लाखांत. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात असं केंद्र नाही. २०१९ मध्ये जो राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, तोही ठरावीक शहरांसाठी.

मग स्वस्त मशीन फेकून द्यायची का? मीही हेच विचारलं. सरांनी अमेरिकेचं उदाहरण सांगितलं. तिथे लोकांनी घराबाहेर पर्पलएअर नावाची हजारो स्वस्त यंत्रं लावली आहेत. ती प्रमाणापेक्षा जास्त दाखवतात हे तिथल्या पर्यावरण संस्थेला माहीत होतं. त्यांनी यंत्रं फेकली नाहीत. सरकारी केंद्रांशेजारची स्वस्त यंत्रं घेतली, दोन्हीचे आकडे जुळवले आणि सूत्र काढलं: यंत्राच्या आकड्याला ०.५२४ ने गुणा, आर्द्रतेच्या टक्क्याला ०.०८६२ ने गुणून ते वजा करा, ५.७५ मिळवा. यंत्राने १०० दाखवलं आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर खरं उत्तर ५४ च्या आसपास. वणव्याचा धूर कुठे पसरलाय हे दाखवणाऱ्या त्यांच्या नकाशात २०२० पासून असे सुधारलेले आकडे वापरतात.

मी लगेच मोबाइलवर ४१२ ला गुणायला घेतलं. सरांनी थांबवलं. "ते त्यांच्या हवेचं सूत्र आहे. आपला धूर वेगळा, धूळ वेगळी, धुकं वेगळं. आपलं आपल्याला काढावं लागेल." आपल्या राज्यातही हे झालंय. २०२०-२१ मध्ये मुंबईत प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूरने स्वस्त सेन्सर सरकारी केंद्रांशेजारी लावून तपासले होते.

खरं सांगतो, मला लाज वाटली. बाजार समितीत सोयाबीनच्या काट्याला वैधमापन विभागाचा शिक्का आहे का, हे विचारणाऱ्या बातम्या मी केल्यात. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी व्हावी लागते, हे मी शेतकऱ्यांना ओरडून सांगायचो. आणि माझ्या स्वतःच्या काट्याला शिक्का नव्हता. मी त्यावर अख्ख्या गावाची तक्रार तोलली.

मग काम सुरू केलं. मशीन घेऊन जिल्ह्याच्या केंद्रावर गेलो. तिथल्या ऑपरेटरने आधी संशयाने बघितलं, मग सर सोबत आहेत म्हटल्यावर जाळीला टांगू दिली. अट एकच, केंद्राच्या नळीच्या उंचीला आणि जवळ टांगायची, नाहीतर दोघं वेगवेगळी हवा मोजतील. पहिल्यांदा फेब्रुवारीत तीन आठवडे. मग ऑगस्टमध्ये, कारण पावसाळ्याची हवा वेगळी. मग डिसेंबरमध्ये, धुक्यासाठी. तासातासाचे दोन्ही आकडे एक्सेलमध्ये शेजारी शेजारी. ऑगस्टमध्ये एकदा मशीनचा आकडा दोन दिवस विचित्र वागला. उघडून बघितलं तर हवा ओढायच्या भोकात कोळ्याने जाळं केलेलं. ते दोन दिवस यादीतून काढले.

निघालं ते असं. कोरड्या दुपारी माझी मशीन साधारण सव्वापट दाखवते. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की दुपटीच्याही पुढे. आणि वाऱ्याने माती उडते त्या दिवशी पीएम १० केंद्राच्या निम्मंही दाखवत नाही. पहिल्या दोन्हींना सूत्र बसवता आलं. तिसऱ्याला नाही बसलं. सर म्हणाले, जे यंत्राला दिसतच नाही ते गणिताने आणता येत नाही. म्हणून पीएम १० साठी ही मशीन वापरायची नाही, हाही त्या मेहनतीचा निकालच.

मग मी तो जानेवारीचा दिवस काढला. मशीन तेव्हा चोवीस तास शाळेतच होती आणि कार्डात सगळं साठलेलं होतं. पावणेसातचे ४१२ सुधारून १८० च्या आसपास येतात. त्यावरही मी पैज लावणार नाही, कारण इतक्या दाट धुक्याचे तास माझ्या तुलनेत थोडेच होते. पण पूर्ण दिवसाची सरासरी सुधारून आली ७४. ६० ची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीसाठी आहे. मी एका क्षणाचा आकडा तिला लावला होता, ही माझी दुसरी चूक.

७४ म्हणजे मर्यादेच्या वर. खात्याच्या ६८ च्या जवळ. आणि शिवाय त्यांचाच २१४.

मित्रहो, माझ्या हातात खरी बातमी होती. ७४ ची बातमी कुणाला खोडता आली नसती. मला ४१२ चा मोह पडला. आपण पत्रकार म्हणतो की आकडा मोठा असल्याशिवाय कुणी वाचत नाही. पण मोठा आकडा पडला की त्याच्याखाली खरी तक्रारही दबते आणि ती तक्रार आपली नसते, त्या पोरांची असते.

आता काय चाललंय ते सांगतो. आमच्याकडे तीन मशीन आहेत. एक शाळेत, एक माझ्या घरी, तिसरी प्रवासी. प्रवासी मशीन तीन महिन्यांनी केंद्रावर जाऊन तपासून येते, मग उरलेल्या दोघींशेजारी आठवडाभर राहते. दोघी तिच्याशी जुळत नसतील तर सूत्र बदलतो. कारण लेझरच्या डबीत धूळ साचते, पंखा मंदावतो, आकडा हळूहळू सरकतो आणि पडद्यावर काही कळत नाही. मशीन साफ करणं आणि वही भरणं सातवीतल्या दोन मुली करतात. माझ्यापेक्षा नेमकं करतात.

धुळीसाठी आम्ही दुसरा रस्ता धरला. माहितीच्या अधिकारात जुना अहवाल रीतसर मागवला, २१४ ची ओळ अधोरेखित केली आणि लेखी मागणी केली की मोजणी उन्हाळ्यात, चारही क्रशर चालू असताना, फिल्टर तोलणाऱ्या यंत्राने करा. गेल्या एप्रिलमध्ये ती झाली. पीएम १० जानेवारीपेक्षाही जास्त आलं. नोटिसा निघाल्या. दोन क्रशरना पत्र्याचा आडोसा आणि पाण्याचे फवारे लागले. दोघांचं अजून "करतो, करतो" चालू आहे. या वेळी बैठकीत कुणी हसलं नाही, कारण आकडा माझा नव्हता आणि त्याला खोडायला जागा नव्हती.

थंडी सुरू झाली की हवेच्या आकड्यांचे स्क्रीनशॉट फिरतात. पुढे ढकलण्याआधी चार गोष्टी विचारा. हा आकडा एका क्षणाचा की चोवीस तासांचा? मायक्रोग्रॅम आहे की एक्यूआय, आणि एक्यूआय असेल तर आपला की अमेरिकेचा? पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम आपल्या पद्धतीत १०० होतात, अमेरिकेच्या पद्धतीत दीडशेच्या वर, हवा मात्र तीच. तेव्हा धुकं होतं का? आणि ही मशीन कशाशी ताडून बघितली, कधी?

ही तपासणी सरकारनेच करावी, हे मला मान्य आहे. मागत राहू. पण तोवर कुणी शाळेत, ग्रामपंचायतीत सेन्सर लावणार असेल तर लावायच्या आधी मला फोन करा. आमची प्रवासी मशीन आठवडाभर देतो. फक्त परत देताना कोळी काढून द्या.