चाळणीचा अभिमान

कुणी ‘बाहेरून बी.ए. करतोय’ म्हणालं की माझ्या चेहऱ्यावर एक हसू यायचं. समोरच्याला ते दिसत असणारच. मी मुलुंडला राहतो आणि घाटकोपरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. विद्यापीठ म्हणजे चाळणी, टिकतील ते आत, बाकीच्यांनी दुसरं काही बघावं, असं माझं मत होतं. कलिन्याला ‘आयडॉल’मध्ये, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या १९७१ साली सुरू झालेल्या दूरशिक्षण संस्थेत, रविवारी शिकवायला जायचो ते मानधनासाठी. ‘इम्पॉर्टंट’ प्रश्न सांगायचे नि कुर्ल्याहून लोकल पकडायची.

एकदा बेरोजगारीची व्याख्या सांगत होतो. मालाडच्या एक बाई उठल्या, माझ्याच वयाच्या.

“सर, मी घरी इमिटेशन ज्वेलरीचे खडे चिकटवते. मी कशात?”

“रोजगारात.”

“आठवड्यात तासाभराचाच माल आला तर?”

“तरीही.” साप्ताहिक स्थितीच्या मोजणीत आठवड्यात एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरतात. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो.

“मग बेरोजगार उरलं कोण, सर?”

वर्ग हसला, मीही हसलो. पुस्तकी उत्तर होतं माझ्याकडे: देशात होणारं थोडंसुद्धा काम मोजणीतून निसटू नये म्हणून ही व्याख्या आहे, त्या कामात पोट भरतं का, हे ती विचारत नाही. ते सांगता सांगता माझाच आवाज मला पोकळ वाटू लागला. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. माझ्या रोजच्या वर्गातल्या मुलांना पडला असेल, तर मी तो ‘सिलॅबसबाहेरचा’ म्हणून मिटवला असणार. ज्या व्याख्येवर मी पगार घेत होतो, त्या व्याख्येत या बाई राहत होत्या. मग एकेक जण बोलू लागला. कुणी सिक्युरिटीत, कुणी रिक्षावर. मी निवडलेले ‘इम्पॉर्टंट’ प्रश्न वहीतच राहिले.

ज्या विद्यापीठाच्या नावावर मी तोरा मिरवला, त्याचा इतिहासही सोयीनेच वाचला होता. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालेलं आपलं विद्यापीठ तेव्हा शिकवतच नव्हतं, फक्त परीक्षा घ्यायचं. शिकवायची कॉलेजं. रानडे-भांडारकर १८६२ साली पदवीधर झाले ते याच व्यवस्थेत. १९४६ साली बाबासाहेबांच्या संस्थेने सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना जमावं म्हणून सकाळी वर्ग ठेवले. विद्यापीठ कुणासाठी, याचं उत्तर तिथे वेळापत्रकातच दिलेलं होतं. मी मात्र चाळणी धरून बसलो होतो.

आता सगळीकडे ऑनलाइन पदव्यांची चर्चा आहे. मला त्यांचं वावडं नाही. बोरिवलीहून रविवारी कलिना गाठणं सोपं नसतं. पण रेकॉर्ड केलेल्या लेक्चरला ‘मग उरलं कोण?’ असं विचारता येत नाही.

म्हणून उपनगरांतल्या कॉलेजचालकांना विनंती आहे. रविवारी तुमचे वर्ग रिकामे असतात, ग्रंथालयांना कुलूप असतं. बाहेरून शिकणाऱ्यांसाठी ती उघडा. शिकवायला मी येतो, मानधन नको.